‘एकटेच जेवतात’ असं मी लिहून दिलं

या वन्सं, अशा जवळ येऊन बसा. नाक मुरडू नका. फोनवर मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तुम्ही “ठेवते गं वहिनी, म्हैस ओरडतीये” म्हणून ठेवून देता. तुमची म्हैस बरी नेमकी माझ्याच फोनला ओरडते! म्हणून आता लिहायलाच बसले. कागदावर तुम्हाला मधेच ठेवून देता येणार नाही, आणि दिलंत तरी मला कळणार नाही. दुसऱ्या कुणी वाचलं तर खुशाल वाचू दे. घरोघरी हेच चाललंय आता.

आधी रागावूनच घेते. तुमचे भाऊ तिथं राहायला गेल्याला वर्ष होत आलं. तुम्ही एकदाही आला नाहीत. आधी कांदा लावायचा होता, मग काढायचा होता, मग चाळीत भरायचा होता. सटाण्याहून नाशिक म्हणजे काय परमुलूख आहे? फोनवर तेवढं विचारता, “मना भाऊ कसा शे?” लग्न होऊन बागलाणात गेलात आणि बोलीसुद्धा तिकडची केलीत, मग पाय का आखडता? खरं कारण मला ठाऊक आहे. माझ्या सुनेजवळ तुम्ही बोललात, वहिनीनं माझ्या भावाला आश्रमात नेऊन टाकलं.

ठेवलंय वन्सं. टाकलं नाही.

तीनदा ते घरातून निघून गेले. एकदा पेठ रस्त्याला सापडले, अंगात नुसती बंडी, पायात काही नाही. न्हाणीघरात त्यांना सावरताना मीच घसरले आणि मनगट मोडलं. मुलाची ओझरला कारखान्यात पाळी, सून शाळेवर. मी एका हातानं दार धरू की त्यांना धरू? मग गिरणारे रस्त्याला ही जागा बघितली. आजूबाजूला टोमॅटोचे मळे, द्राक्षाच्या बागा. आत वीस-बावीस म्हातारी माणसं, सगळ्यांना हाच विसरायचा आजार. तिथले डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, “गोळ्यांनी जेवढं व्हायचं तेवढं होतं आजी. बाकीचं माणसांनी करायचं.” मी मनात म्हटलं, मग फी कशाची घेता?

तिथं एक मॅडम आहेत, इगतपुरीकडच्या, तिशी-पस्तिशीच्या. थेरपीवाल्या मॅडम म्हणतात त्यांना. थेरपी म्हटल्यावर मला वाटलं विजेचे झटके वगैरे देतात की काय. सून म्हणाली, “नाही हो आई, औषधाशिवाय बरं वाटावं म्हणून जे करतात ते.” मग बघत गेले. सकाळी सगळ्यांना गोल बसवून गाणी म्हणायला लावतात. एका आजींना स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण आरती सुरू झाली की शेवटपर्यंत न अडखळता म्हणतात. एका टेबलावर मूग आणि मटकी एकत्र करून ठेवतात, निवडायला. बायका निवडतात आणि एक निवृत्त मास्तर त्यांची हजेरी घेतात. एका बाईंना कापडाची बाहुली दिलीय, ती मांडीवर आली की त्यांचं रडणं थांबतं. आणि जेवायची ताटं सगळी लाल. मी विचारलं, हे काय लग्नाच्या रुखवतासारखं? तर मॅडम म्हणाल्या, पांढऱ्या ताटात पांढरा भात यांच्या डोळ्यांना वेगळा दिसत नाही, ताट रिकामंच वाटतं. बघा, हे आपल्या डोक्यात कधी आलं असतं का?

तुमचे भाऊ गाण्याला बसायचे. चेंडू टाकला तर झेलायचे, पण परत द्यायचे नाहीत, खिशात घालायचे. मागच्या अंगणात उंच कुंड्या आहेत, त्यात मेथी लावायला दिली, तर कुंडीकडे बघून म्हणाले, “ही काय शेती हाय का?” आणि निघून आले. आता जन्मभर ज्यानं बिघ्याबिघ्यानं मेथी काढली, त्याला कुंडी दाखवल्यावर दुसरं काय म्हणेल तो!

हे सगळं चालण्यासारखं होतं. जेवणाचं मात्र बिघडलं, आणि ते माझ्यामुळं बिघडलं. हेच तुम्हाला सांगायचंय.

तिथं ठेवताना मॅडमनी चार पानांचा कागद दिला होता. माणूस कसा आहे ते घरच्यांनी लिहायचं. हाक काय मारता, कशाची भीती वाटते, कोणतं गाणं आवडतं, चहा किती वेळा. “माणूस कळला की मला काहीतरी करता येतं,” त्या म्हणाल्या. मुलगा पेन काढायला लागला. मी म्हटलं, आण इकडं, तुला काय ठाऊक तुझ्या बापाचं? मी चौथीपर्यंत शाळा बघितलेली. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आणि पोरांच्या पुस्तकात डोकावून शिकले, पण अक्षर पोरापेक्षा बरं आहे. एका बैठकीत चारही पानं भरली. एका ठिकाणी विचारलं होतं, जेवायला कुणाबरोबर बसतात? मी लिहिलं: एकटेच जेवतात. शेजारी बाईमाणूस बसलेलं चालत नाही. वाढणारीनं उभं राहून गरम वाढावं.

तुम्हीच सांगा, यात काय खोटं होतं? आपल्या घरात पहिली पंगत पुरुषांची. मामंजी, थोरले दीर, मधले, मग हे. आम्ही पदर सावरून भिंतीशी उभ्या. मग पोरंसोरं, मग आत्याबाई म्हणजे तुमच्या आई, मग जावा, आणि मी धाकटी म्हणून सगळ्यांच्या मागून. पुढं वेगळे निघालो तरी वळण तेच राहिलं. हे बसायचे, मी उभी राहून वाढायचे, त्यांचं झालं की स्वयंपाकघरात माझं ताट घ्यायचे. पन्नास वर्षं मी तेच बघितलं, तेच लिहिलं.

तिथल्या माणसांनी माझा शब्द न् शब्द पाळला. भिंतीकडे एक छोटं टेबल त्यांच्यासाठी वेगळं लावलं. एक मावशी मागं पळी घेऊन उभी. हे दोन घास घ्यायचे, उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे, आणि ताट सारून फाटकाकडे चालायला लागायचे. दर सोमवारी वजन करतात तिथं, ते दर सोमवारी कमीच. सदऱ्यात दुसरा माणूस मावेल असे झाले. मी रोज दुपारची बस धरून जायला लागले. डोक्यावर पदर घेऊन मीही उभी राहायचे, “घ्या ना थोडं, एवढी आमटी तरी घ्या.” ते वर बघायचे. “बाई, कोण तुम्ही? कशाला उभ्या राहिल्यात?”

डॉक्टर म्हणाले, असंच उतरत गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि नळी ओढून काढू नये म्हणून गुंगीची गोळी. शेजारच्या खोलीत एका गृहस्थांना नळी होती. हातांना कापडाच्या पिशव्या बांधलेल्या. आमच्या ह्यांचे ते हात, वन्सं. मेथीची जुडी एका मुठीत बांधायचे. त्या हातांना पिशव्या? मी मॅडमचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला उठवलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “मला पंधरा दिवस द्या.”

बिचारीनं काय काय केलं. जेवताना टीव्ही बंद केला. ताट वाढायच्या आधी दारात लसणाची फोडणी दिली, वासानं भूक लागावी म्हणून. चमचा नको वाटत असेल म्हणून हातात धरता येतील असे थालीपिठाचे तुकडे केले. मी घरून शेंगोळे नेले, मांडे नेले. हे सगळं नुसतं हुंगून बाजूला.

दहा-बारा दिवस गेले. त्या दिवशी सकाळी मला साखर तपासायची म्हणून उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं होतं. तिथं ही रांग. तशीच बसमध्ये बसले. पोचले तर हे ताट सोडून उठलेलेच होते. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. म्हटलं, आपणच पडलो तर कुणाला निस्तरायला सांगायचं? मागच्या अंगणात गेले. कुंपणाच्या कडेला मातीचा उंचवटा आहे, त्यावर शेवग्याची सावली पडते. तिथं फतकल मारून बसले आणि फडकं सोडलं. बाजरीच्या दोन भाकरी आणि ठेचा. पहिला घास तोंडात घातला आणि कुणाचीतरी सावली पडली.

हेच. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले. समोर नाही. शेजारी, माझ्यासारखंच कुंपणापलीकडच्या मळ्यातल्या वाफ्यांकडे तोंड करून.

“भाकर आणली का?” म्हणाले.

मी फडक्यातली भाकरी उचलली. नुसती पुढं केली. त्यांनी तळव्यावर धरून भाकरीचे दोन भाग केले. एक परत फडक्यात ठेवला आणि फडक्याची टोकं त्यावर नीट दुमडली. दुसऱ्याचे पुन्हा दोन केले, एक मला दिला. “घ्या. दमल्या असाल.” आणि ठेचा लावून खायला लागले. ते संपल्यावर दुसऱ्या भाकरीतली पाऊण खाल्ली. मी हलले नाही. पायाला मुंग्या चढत होत्या, म्हटलं चढू दे.

पण माणसाला हाव असते ना. मी ती दुमडून ठेवलेली अर्धी उचलायला गेले, म्हटलं एवढीही खातील. त्यांनी पटकन वर हात ठेवला.

“ते नको. ते तिचं हाय.”

“कुणाचं?”

“आमच्या मंडळीचं. वाफे भरतीये ती तिकडं. येईल आता.”

मी विचारायला नको होतं. पण विचारलं. “तिला घरी नाही का मिळत जेवायला?”

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. जणू आत्याबाई कुंपणापलीकडे उभ्या आहेत. आवाज उतरवून म्हणाले, “शेवटाला बसती ती. टोपल्यात काय उरतं मग? आई मोजून थापायला लावती. मी म्हणतो माझं पोट भरलंय. तिला कळत नाय. भोळी हाय.”

वन्सं, तुम्हाला आठवत असेल, दुपारी आम्ही दोघं बांधावर बसून जेवायचो. रानात हे रोज अर्धीच भाकरी खायचे. “मला जास्ती झाली, तू संपव,” म्हणायचे. मी समजायचे, घरी पहिल्या पंगतीला भरपेट जेवलेले असतात, तर भूक कुठून लागणार? वर टोमणे मारायचे, “एवढा मोठा गडी आणि चिमणीचं खाणं!” ते हसायचे. कधी बोलले नाहीत. घरात बोलायची सोय नव्हती आणि रानात बोलायची सवय नव्हती. दिवसभरात आम्ही दोघं नवराबायको असायचो ते त्या बांधावरच्या अर्ध्या तासात. आणि मी कागदावर काय लिहून दिलं? एकटेच जेवतात. बाईमाणूस चालत नाही.

तुमच्या आईला नावं ठेवत नाही हो. बारा माणसांचं खटलं, त्यात ओढाताणीची सालं. त्यांच्या सासूनं त्यांना कसं जेवू घातलं असेल देव जाणे. पण जे होतं ते होतं. आणि तुम्हालाही एक विचारायचंय. भाकरीचं टोपलं घेऊन तुम्ही यायच्या, दहा वर्षांच्या, परकर खोचलेला. मी तुम्हाला तेव्हाही ‘अहो वन्सं’ म्हणायचे आणि तुम्ही फुगून बसायच्या, मी काय म्हातारी आहे का म्हणून. टोपलं ठेवलं रे ठेवलं की पाटाच्या कडेनं बोरं शोधायला पळायच्या. मला वाटायचं, पोर खेळकर आहे. आता वाटतं, भावानंच सांगून ठेवलं होतं का तुम्हाला, जा खेळ जा म्हणून? खरं सांगा.

मॅडम दारातून बघत होत्या. थोड्या वेळानं माझाच कागद घेऊन आल्या. “आजी, हे वाक्य ठेवायचं का?” मी पेन मागून घेतलं आणि खोडलं. इतकं दाबून खोडलं की कागद फाटला.

दुसऱ्या दिवसापासून त्या मातीवर सतरंजी पडायला लागली. मी नसेन तेव्हा मावशी स्वतःचा डबा घेऊन बसतात. मॅडमनी त्यांना शिकवलं, भरवायचं नाही, आग्रह करायचा नाही, समोर बसायचं नाही. शेजारी बसून आपण आपलं जेवायचं. मावशी म्हणाल्या, “ही बरी थेरपी आहे, मला जेवायचा पगार!” हजेरीवाले मास्तरही आता ताट घेऊन तिथंच येतात. वजन उतरायचं थांबलं. मागच्या दोन सोमवारी जरा वरही गेलं. नळीचं नाव सध्या कुणी काढत नाही. सगळं साधलं असं नाही हो. काही दिवस अजून तोंडच उघडत नाहीत, मग आम्ही नुसते वाफ्यांकडे बघत बसतो.

लोक मला म्हणतात, चला, जेवायला लागले, आता तुम्हाला बरं वाटत असेल. वाटतं. पण मी त्यांच्याशेजारी मांडीला मांडी लावून बसते आणि ते माझी वाट बघतात, याला काय म्हणायचं? मी तिथली पाहुणीबाई. माझ्याजवळ माझ्याच गोष्टी सांगतात. मी विचारते, “कशी आहे हो तुमची मंडळी?”

“सावळी हाय. बोलती लय. पाटाचं पाणी थांबल, पण तिचं तोंड नाय.”

मी तोंडाला पदर लावून हसते. इतकी वर्षं तोंडावर बोलायचं धाडस झालं नाही, आता पाहुणीला सांगतायत!

एकदा मात्र माझाही तोल गेला. म्हटलं, “अहो, बघा ना इकडं. मीच ती.” त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. हे पांढरे केस, ही सुरकुतलेली मान. एकदम घाबरले. “नाय, नाय. ती तरणी हाय. काय झालं तिला? कुठं गेली ती?” आणि उठून फाटकाकडे, “काय झालं तिला” म्हणत. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. मॅडमनी माझा हात हातात घेतला. “आजी, तुमचं खरंय. पण त्यांना असं वाटतं की आपली बायको हरवली. ते जिथं आहेत तिथं आपण जाऊन बसायचं. त्यांना इकडं ओढायचं नाही.”

तेव्हापासून मी ते बोलत नाही. ती अर्धी भाकरी फडक्यात बांधून घरी आणते आणि चहाबरोबर खाते. माझीच आहे ना ती. पण हसू नका, कधीकधी त्या वाफे भरणाऱ्या पोरीचा मला सवतीसारखा हेवा वाटतो. तिची वाट बघणारं कुणी आहे. मला तर एवढंच हवंय की एकदा, विसरून का होईना, त्यांनी मला ‘अगं’ म्हणावं. नाव तर त्यांनी कधी घेतलंच नाही. ‘अगं’ एवढीच माझी हाक. आता ‘अहो बाई’ म्हणतात, मानानं बोलतात, आणि तो मान मला नको झालाय.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तीन आठवडे धुळीत जायचं नाही, बस नाही, ऊन नाही. मुलगा-सून सुट्टीच्या दिवशी जातील, पण मुलगा समोर दिसला की हे त्याला मार्केटचा व्यापारी समजतात आणि भाव विचारत बसतात, जेवण राहतं बाजूला. मावशींची सुट्टी असते त्या दिवशी तर घासच जात नाही पोटात. तीन आठवड्यांत उतरलेलं वजन परत चढायला किती दिवस लागतात ते मी बघितलंय.

आणि हल्ली ते आणखी एक विचारतात. फाटकाकडे बघून. “पोरगी आली नाय का अजून भाकर घेऊन?” मी म्हणते, येईल. याच्यापुढं काय सांगू?

तर वन्सं, निघा आता. कांद्याला गडी आहेत, म्हशीला सून आहे. सीबीएसच्या स्टँडवर उतरा, मुलगा गाडी घेऊन येईल. आपल्याकडंच राहा, हवे तितके दिवस. भाऊ तुम्हाला ओळखणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते. त्यांच्या डोळ्यांपुढं परकरातली पोर आहे. तुम्ही कोण ते सांगत बसू नका, रडायचं असेल तर माझ्याजवळ येऊन रडा. टाकलं की ठेवलं, ते तिथं त्यांच्याशेजारी मातीवर बसल्यावर ठरवा, मग मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. फक्त एक करा. घरून निघताना “वाटेत भूक लागेल” म्हणून जेवून निघायची तुमची सवय आहे, तसं करू नका. उपाशी या. आणि लवकर या.